एक आज्ञावली, अनेक कचेऱ्या

देवास हे माळव्यातील शहर आग्रा–मुंबई रस्त्यावर, इंदूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर वसलेले आहे. चामुंडेच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या ह्या गावी स्वातंत्र्यापूर्वी एक विलक्षण व्यवस्था नांदत होती. तुकोजीराव आणि जिवाजीराव ह्या दोघा पवार बंधूंनी १७२८ मध्ये येथे आपला अंमल बसवला. पुढे त्यांच्या वंशजांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. राजधानी मात्र एकच राहिली. गावच्या हमरस्त्याच्या एका बाजूला एका दरबाराचा कारभार, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. पाण्याची आणि दिवाबत्तीची सोयही दोन्ही बाजूंस निरनिराळी. रस्ता ओलांडला की नियम बदलला, असा हा प्रकार होता. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून येथे राहिला होता. ह्या दुहेरी राजधानीतील आपले अनुभव त्याने १९५३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

१९४८ मध्ये देवासच्या दोन्ही पात्या, आणि पवारांचेच दुसरे संस्थान जे धार तेही, मध्यभारत राज्यात विलीन झाली. कायदा एक झाला. परंतु कायदा एक होणे आणि तो सर्व कचेऱ्यांत एकसारखा चालू होणे ह्या दोन गोष्टींत मोठे अंतर असते. हुकूम राजपत्रात छापला जातो त्या दिवशी तो जन्मतो एवढेच. जिल्ह्याच्या टोकाच्या चावडीवर तो पोचतो, तेथील कारकून जुना कागद बाजूला ठेवून नवा हाती घेतो, तेव्हा कोठे तो खऱ्या अर्थाने अमलात येतो. मधल्या काळात एकाच राज्यात दोन नियम चालू राहतात, आणि त्याचा भुर्दंड ज्याला नियम माहीत नाही अशा सामान्य माणसाला बसतो.

कचेऱ्यांत संगणक आले तेव्हा हा प्रश्न संपला असे पुष्कळांना वाटले. प्रत्यक्षात तो नव्या वेषात पुन्हा दारी उभा राहिला. मेजावरचा संगणक काम करतो तो त्यात बसवलेल्या आज्ञावलीच्या बळावर, ज्याला सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतात. पगारपत्रक काढणारी, दाखला छापणारी, जमिनीचा उतारा देणारी अशा आज्ञावल्या निरनिराळ्या असतात. आज्ञावली एकदाच लिहिली जाते, पण तिची प्रत प्रत्येक यंत्रात स्वतंत्र बसवावी लागते. शंभर यंत्रे म्हणजे शंभर प्रती. कराचा दर बदलला, अर्जाचा नमुना बदलला, एखादी चूक सापडली, म्हणजे मूळ आज्ञावली सुधारणे हे एका खोलीतले काम; पण त्या शंभर प्रती बदलणे हे शंभर खोल्यांतले काम होऊन बसते. संगणकाच्या इतिहासातील पहिल्या कामाची कथा वारंवार सांगितली जाते, दुसऱ्याची क्वचितच.

भारत सरकारने १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र स्थापन केले आणि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ह्या केंद्राने उपग्रहाच्या मार्गाने जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे ‘निकनेट’ ह्या जाळ्यात जोडण्यास आरंभ केला. ह्याच सुमारास रंगराजन समितीच्या शिफारशींनुसार बँकांच्या शाखांतही यंत्रे येऊ लागली. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणापासून पुढे, तहसिलीपर्यंत किंवा लहानशा शाखेपर्यंत, तार पोचलेली नव्हती. तेथे आज्ञावली जाई ती फ्लॉपी नावाच्या चौकोनी तबकडीवरून, आणि तबकडी नेणारा माणूस जाई एसटीने अथवा जीपने. पिशवीत तबकड्यांची चळत, खिशात कचेऱ्यांची यादी, अशा फिरतीवरच्या तंत्रज्ञाची मूर्ती त्या काळात नोकरी केलेल्या अनेक श्रोत्यांना आठवत असेल.

हे काम किती कष्टाचे होते ह्याची कल्पना एका हिशेबावरून येईल. १९९५ मध्ये निघालेली विंडोज ९५ ही प्रणाली १३ फ्लॉपींच्या संचात मिळत असे. शंभर संगणकांवर ती बसवायची म्हणजे तेराशे वेळा तबकडी आत सरकवणे आणि तेराशे वेळा बाहेर काढणे आले. एका यंत्रास तास लागतो असे धरले, तर दोनशे यंत्रांना दोनशे तास, म्हणजे आठ तासांचे पंचवीस दिवस लागणार. आणि ह्यात प्रवासाचा वेळ धरलेलाच नाही. शेवटच्या कचेरीत पोचेपर्यंत पहिल्या कचेरीसाठी सुधारलेली नवी प्रत तयार झालेली असे. त्यामुळे कोणत्या कचेरीत कोणती आवृत्ती चालू आहे ह्याचा पत्ता लागणे कठीण होई. एका तहसिलीतील आकडे दुसऱ्या तहसिलीच्या आकड्यांशी जुळत नसत, आणि दोष कारकुनाचा की आवृत्तीचा, ह्या वादात दिवस जात. देवासच्या रस्त्याच्या दोन बाजू आता प्रत्येक जिल्ह्यात दिसू लागल्या होत्या.

देवनागरी लिपीने ह्यात आणखी एक अडचण भरीस घातली. आरंभीच्या संगणकांना इंग्रजीखेरीज दुसरे अक्षर ठाऊक नव्हते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्राने भारतीय लिप्या पडद्यावर आणल्या, ही मोठी कामगिरी होय. पण त्यासाठी प्रत्येक संगणकाची पेटी उघडून आत एक स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. नंतर कार्डाची गरज संपली आणि निरनिराळ्या कंपन्यांचे टंक आले. महाराष्ट्रात श्रीलिपी आणि आकृती, तर मध्य प्रदेशात कृतिदेव हे टंक घरोघरी माहीत झाले. एका कचेरीत कृतिदेवात टंकलेला मजकूर, तो टंक नसलेल्या दुसऱ्या कचेरीत उघडला, की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसे. पत्र पोचले, पण वाचता येईना. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेचे ‘इस्की’ हे मानक झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध झाली. मानक ठरले तरी प्रत्येक मेजावरील यंत्र त्याप्रमाणे वागू लागण्यास पुढे अनेक वर्षे गेली. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि ‘ल’, ‘श’ ह्या अक्षरांची मराठी वळणे निश्चित केली. निर्णय एका दिवसात निघाला, पण ज्या यंत्रांत जुनाच टंक होता ती यंत्रे हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ इमानेइतबारे छापतच राहिली. यंत्र हुकूम मोडीत नव्हते. त्याला नवा हुकूम कोणी कळवलाच नव्हता.

ह्या पार्श्वभूमीवर १९९९ साल उजाडले. जुन्या आज्ञावल्यांत जागेची काटकसर म्हणून वर्ष दोनच आकड्यांत लिहिण्याची प्रथा होती. ९९ नंतर ०० आले म्हणजे यंत्र २००० ऐवजी १९०० समजेल, व्याजाचे, वयाचे, मुदतीचे सारे हिशेब उलटे होतील, ही भीती जगभर पसरली. दोष समजण्यास सोपा होता आणि उपायही गूढ नव्हता. खर्च आणि धावपळ झाली ती तो उपाय लहानमोठ्या प्रत्येक यंत्रापर्यंत ३१ डिसेंबरच्या आत नेण्यासाठी. भारतातील हजारो प्रोग्रामरांना ह्या कामाने परदेशांची दारे उघडून दिली. १ जानेवारी २००० ची पहाट जगात फारसा उत्पात न होता झाली, तेव्हा काही लोकांनी ही भीतीच खोटी होती असे म्हटले. ज्या कामाचे यश म्हणजे काहीही न घडणे, त्या कामाची पावती अशीच मिळते.

योगायोग असा की, नेमक्या त्याच दिवशी, १ जानेवारी २००० रोजी, धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ नावाची योजना सुरू झाली. जिल्हाधिकारी राजेश राजौरा आणि जिल्हा पंचायतीचे मुख्य कार्यकारी अधिकारी अमित अग्रवाल ह्यांच्या काळात ती आकारास आली. धार हा मोठ्या आदिवासी लोकसंख्येचा जिल्हा. मांडूचे महाल पाहण्यास प्रवासी येतात, पण कुक्षी, मनावर, गंधवानी भागातील शेतकऱ्याला बाजारभाव कळण्यासाठी किंवा जातीचा दाखला मिळवण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी दिवस मोडून जावे लागे, आणि साहेब नसले म्हणजे पुन्हा जावे लागे. ज्ञानदूतने पंचायतींच्या मदतीने आरंभी सुमारे वीस गावी ‘सूचनालय’ नावाची केंद्रे उघडली. प्रत्येक केंद्रात एक संगणक, एक मॉडेम, एक छपाईयंत्र आणि ‘सूचक’ ह्या नावाचा एक स्थानिक शिकलेला तरुण असे. सूचकाला पगार नव्हता. लोक जी फी देत तीवर त्याची मिळकत होती. मंडईचा भाव पाच रुपयांत कळे, तक्रार दहा रुपयांत नोंदवता येई. जमिनीच्या नोंदीची नक्कल, उत्पन्नाच्या व रहिवासाच्या दाखल्याचा अर्ज, अशी कामेही तेथे होत.

ह्या योजनेची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. वीस गावांतील वीस यंत्रांत वीस प्रती ठेवून त्या सांभाळत बसण्याऐवजी मुख्य माहिती आणि आज्ञावली धारच्या जिल्हा पंचायतीतील एकाच सर्व्हरवर ठेवण्यात आली. सूचक टेलिफोनच्या तारेवरून त्या सर्व्हरशी संबंध जोडी आणि पाने आपल्या पडद्यावर पाही. भाव बदलला तर तो धारला एकदा बदलला की पुरे. पुढच्या वेळी जो जोडेल त्याला नवाच भाव दिसेल. तबकड्यांची पिशवी घेऊन फिरणाऱ्या माणसाची फेरी ह्या एका युक्तीने पुष्कळशी वाचली. जगातील मोठमोठ्या कंपन्यांचे तज्ज्ञ ज्या दिशेने वळत होते, तीच वाट माळव्यातील एका जिल्ह्याने अल्प खर्चात, बहुतांशी पंचायतींच्या पैशांतून चोखाळली. २००० मध्येच ज्ञानदूतला स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि धारचे नाव दूरवर पोचले.

मात्र पुरस्काराच्या पलीकडची गोष्टही सांगितली पाहिजे. आज्ञावली एकाच जागी ठेवली म्हणजे सारा भार तारेवर पडतो. वीज नसेल, टेलिफोन बंद असेल, तर गावातील यंत्र हे नुसते खोके. धार जिल्ह्यात वीज आणि तार दोन्हींचा लहरीपणा नित्याचा होता. दुसरी अडचण कचेरीतील होती. सूचनालयातून अर्ज क्षणात धारला जाई, पण अर्जावर निर्णय घेणारा टेबलावरचा माणूस जुन्याच चालीने काम करी. यंत्रातील आवृत्ती नवी झाली होती, कचेरीच्या रीतीची आवृत्ती मात्र जुनीच राहिली होती. २००२ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने केलेल्या पाहणीत केंद्रांचा वापर अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी असल्याचे आढळले. मिळकत पुरेनाशी झाल्यावर सूचकांचा उत्साह टिकणे कठीणच होते. ह्यावरून ज्ञानदूत फसली असा निकाल देणे अन्यायाचे होईल. २००६ मध्ये केंद्र सरकारने देशभर सामायिक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली, तेव्हा गावातला उद्योजक, पंचायतीची साथ, फीवर चालणारे केंद्र, ह्या साऱ्या कल्पना पूर्वी धारच्या मातीत आजमावून झालेल्या होत्या.

ज्ञानदूतच्याच वर्षी, २००० च्या जून महिन्यात, आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशातील सोयाबीनच्या पट्ट्यात ‘ई-चौपाल’ सुरू केली. तीही प्रथम टेलिफोनच्या तारेवर विसंबली. तार अपुरी पडते असे दिसताच कंपनीने खेड्याच्या घरावर उपग्रहाची थाळी बसवली आणि विजेसाठी सौर तावदाने दिली. दोन्ही योजनांचा धडा एकच होता. नवी आज्ञावली किंवा नवा भाव शेवटच्या गावी पोचवायचा, तर वाटेतील प्रत्येक दुवा, वीज, तार, यंत्र आणि माणूस, सांभाळावा लागतो. साखळी सर्वांत दुबळ्या कडीवर तुटते.

मोठ्या कचेऱ्यांनी ह्याच काळात निराळा मार्ग धरला. यंत्रे आपसांत तारेने जोडलेली असतील, तर माणसाने प्रत्येक मेजाशी का जावे, असा विचार पुढे आला. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने दूरवरून अनेक संगणकांचा कारभार पाहणारी एक प्रणाली आणली. १९९९ मध्ये ‘विंडोज इन्स्टॉलर’ आला. आज्ञावलीचे सारे भाग, ते यंत्रात कोठे ठेवायचे, पूर्वीची प्रत कशी काढायची, मध्येच काही बिघडले तर सारे पूर्ववत कसे करायचे, ह्यांची नोंद एकाच पुडक्यात बांधून देण्याची ही पद्धत होती. २००० साली निघालेल्या विंडोजमध्ये मुख्य सर्व्हरवर एक फर्मान लिहिले, की त्या खात्यातील सर्व यंत्रे सकाळी चालू होताना ते वाचीत आणि सांगितलेली आज्ञावली मुकाट्याने बसवून घेत, अशी सोय झाली. कारकुनाला त्याची वार्ताही नसे. काल होती त्या जागी आज नवी आवृत्ती, एवढेच त्याला दिसे. लिनक्स ह्या खुल्या प्रणालीतही डेबियनसारख्या समूहांनी एका भांडारातून सर्व यंत्रांना सुधारित प्रती पुरवण्याची रीत घालून दिली. जुन्या राजवटीत जासूद हुकूम घेऊन धावत असे; आता यंत्रच हुकूम विचारण्यास मुख्य कचेरीच्या दारी येऊ लागले.

इतके असूनही यंत्रे मागे राहत होती, हे दोन प्रसंगांनी जगाला कळले. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका भगदाडावरचा उपाय प्रसिद्ध केला. ११ ऑगस्टला ‘ब्लास्टर’ नावाचा जंतू त्याच भगदाडातून शिरला. उपाय २६ दिवस उपलब्ध होता. तो न बसवलेली असंख्य यंत्रे जंतूच्या तावडीत सापडली. सुधारित प्रती ज्या दारातून वाटल्या जात, त्याच दारावर चाल करून जाण्याची तजवीज त्या जंतूत केलेली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुधारणा एकत्र प्रसिद्ध करण्याचा नेम कंपनीने ठेवला, तो कचेऱ्यांना आगाऊ तयारी करता यावी म्हणून. पुढे १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा जंतू दीडशेच्या आसपास देशांत पसरला. त्यावरचा उपाय १४ मार्चलाच, म्हणजे ५९ दिवस आधी, निघालेला होता. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत रुग्णांच्या सुमारे १९,००० ठरलेल्या भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा तेथील सरकारी तपासणीचा अंदाज आहे. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक बाधित झाले. औषध कपाटात होते, रोग्याच्या पोटात गेलेले नव्हते.

ह्याच प्रश्नाची एक वेगळी कसोटी पुन्हा देवासशी निगडित आहे. १९७०–८० च्या दशकात तेथे चलनी नोटांचा सरकारी छापखाना सुरू झाला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा रद्द झाल्यावर नव्या पाचशेच्या नोटा छापण्याचा मोठा भार देवास आणि नाशिक ह्या दोन छापखान्यांवर आला. जुनी पाचशेची नोट ७३ मिलिमीटर रुंद आणि १६७ मिलिमीटर लांब होती. नवी ६६ रुंद आणि १५० लांब निघाली. दोन हजारांच्या नव्या नोटेचे माप आणखी निराळे, ६६ बाय १६६. पैसे देणारी एटीएम यंत्रे जुन्या मापांवर बेतलेली होती. देशात अशी दोन लाखांहून अधिक यंत्रे होती, आणि त्यांच्यातील नोटांच्या पेट्या व आज्ञावली दोन्ही नव्या मापाला जुळवून घेतल्याखेरीज नवी नोट बाहेर येणे शक्य नव्हते. दुरून फर्मान सोडून हे काम भागण्यासारखे नव्हते. प्रत्येक यंत्रापाशी माणूस जावा लागला. रिझर्व्ह बँकेला त्यासाठी उपगव्हर्नर एस. एस. मुंद्रा ह्यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमावे लागले. नोट छापून तयार होती, तिजोरीत पोचलीही होती. पण यंत्र नव्या मापाचे झालेले नाही म्हणून दारापुढची रांग हलत नव्हती. ज्या रांगेत मजूर, निवृत्त शिक्षक आणि रुग्णांचे नातेवाईक उभे होते, त्यांना आवृत्ती म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

येथवरच्या कथेवरून असे वाटेल की, सर्व यंत्रांना एकाच क्षणी नवी प्रत देता आली म्हणजे सारे प्रश्न सुटतील. १९ जुलै २०२४ च्या घटनेने ही समजूत दूर केली. क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीची संरक्षक आज्ञावली जगभरच्या विमानतळांत, बँकांत, इस्पितळांत बसवलेली आहे. तिच्यासाठी पाठवलेल्या एका सुधारणेत दोष होता. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती निघाली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेण्यात आली. ह्या ७८ मिनिटांत सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्याची पाळी आली. दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता; औषधच बाधले. चूक ७८ मिनिटांत पसरली, पण ती निस्तरण्यासाठी अनेक ठिकाणी तंत्रज्ञाला एकेका यंत्रापुढे बसून, किल्ल्या शोधून, दोषी फाइल हाताने काढावी लागली. फ्लॉपीची पिशवी घेऊन फिरणारा माणूस एका दिवसापुरता जणू परत आला.

ह्या दोन टोकांच्या मधली वाट अनुभवी कचेऱ्यांनी शोधली आहे, आणि ती साध्या शहाणपणाची आहे. आपल्याकडे एकूण यंत्रे किती, ती कोठे आहेत आणि प्रत्येकात कोणती आवृत्ती आहे, ह्याची यादी प्रथम हवी; ज्याची नोंद नाही त्याची सुधारणा होत नाही. नवी प्रत आधी चार-सहा यंत्रांवर वापरून पाहावी, मग एका खात्यात, मग सर्वत्र द्यावी. सुग्रण शिताची परीक्षा करूनच पंक्तीला भात वाढते. काही बिघडल्यास मागच्या आवृत्तीवर परतण्याचा मार्ग खुला ठेवावा. शेवटी, ‘पाठवले’ ह्या शेऱ्यावर समाधान न मानता ‘पोचले आणि चालू झाले’ अशी पोच प्रत्येक यंत्राकडून घ्यावी. ह्यांपैकी शेवटचा नियम सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. दोनशेपैकी एकशे नव्वद यंत्रे सुधारली म्हणजे अहवालात पंचाण्णव टक्के यश लिहिता येते. पण जी दहा राहिली ती बहुधा दूरच्या गावची, मंद तारेवरची, कोणी न विचारणारी असतात. जंतू शिरतो तो त्याच दहांतून, आणि जुना नमुना छापला जातो तोही त्याच दहांतून.

ह्यातील तांत्रिक शब्द बाजूला ठेवले तर उरतो तो नागरिकाचा हक्क. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवांची हमी देणारा कायदा केला आणि दाखले, नकला इत्यादींसाठी ठराविक दिवसांची मुदत घालून दिली; महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला. आता दाखला वेळेवर मिळणे ही कोणाची मेहेरबानी राहिलेली नाही. अशा वेळी ‘संगणकात नवीन नमुना अजून आलेला नाही’ हे उत्तर ऐकून घराकडे परतणारी बाई कायद्याने दिलेल्या दिवसांतील एक दिवस गमावून परतते. ज्ञानदूतचा उद्देश तिची हीच फेरी वाचवण्याचा होता.

काम संपलेले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या प्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या विनामूल्य सुधारणा बंद झाल्या. पुढची प्रणाली बसवण्यास यंत्रात सुरक्षेचा एक विशिष्ट भाग लागतो आणि जुन्या संगणकांपैकी कित्येकांत तो नाही. शाळा, पंचायती, सहकारी पतसंस्था ह्यांच्या मेजांवर अशी यंत्रे आजही चालत आहेत. चालतात म्हणून कोणाचे लक्ष त्यांच्याकडे जात नाही. ती बदलावयाची, मुदतवाढीचे पैसे भरावयाचे, की लिनक्ससारखी खुली प्रणाली बसवावयाची, हा निर्णय प्रत्येक संस्थेला घ्यावाच लागेल. न घेणे हाही एक निर्णयच, आणि त्याची किंमत ब्लास्टर व वॉनाक्राय ह्यांनी दाखवून दिली आहे. त्या निर्णयाची पहिली पायरी फार सोपी आहे. एक कोरी वही घ्यावी, खोलीखोलीत जावे, आणि प्रत्येक यंत्राचे नाव व आवृत्ती लिहून काढावी. कोपऱ्यातील, धूळ खात चालणारे, सर्वांत जुने यंत्र त्या यादीतून सुटू देऊ नये. बहुधा त्याच यंत्रासमोर सर्वांत दूरवरून आलेला माणूस उभा असतो.